केळवणाचा केटरर

मी बोटीवर कुक आहे. चीफ कुक. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात हा शब्द गेलं वर्षभर माझ्याखेरीज कुणी मोठ्याने उच्चारलेला नाही. मालवाहू बोटीवर वीस-बावीस माणसं असतात, त्यांना सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवायला घालणं हे माझं काम. मेसमधली भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू वर चढलो. याच पगारावर रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला घर बांधलं, आईचं दुखणं काढलं, मुलगी शिकली आणि बँकेत लागली. एका कुकला एवढं सगळं झेपलं. मुलीचं लग्न जमवायला मात्र ऑफिसर लागला.

हा ऑफिसर माझ्या मेहुण्याने जन्माला घातला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लग्नं जमवण्याची त्याला भारी हौस. स्थळ त्यानेच आणलं. मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये, वडील गुहागरचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, घरची पोफळीची बाग. बोलणी झाली तेव्हा मी आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर होतो. नांगर टाकून आमची बोट आत शिरायची वाट बघत होती. इकडे माझ्याच हॉलमध्ये मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीचे वडील काय करतात. मेहुणा म्हणाला, मर्चंट नेव्हीत आहेत. कशावर आहेत, असं त्यांनी पुढे विचारलं, तर हा म्हणाला, ऑफिसर. माझी बायको पोह्यांच्या बशा घेऊन तिथेच उभी होती. माझी मुलगी समोर बसली होती. दोघींपैकी कुणीही तोंड उघडलं नाही.

मला हे कळलं ते सुट्टीवर घरी आल्यावर. साखरपुडाही माझ्यावाचून उरकला होता, तो मी फोनवर अर्धामुर्धा बघितला. घरात पाऊल टाकलं आणि आधी भिंतीकडे नजर गेली. टीव्हीच्या वर माझा एक फोटो असायचा. पांढरा कोट, डोक्यावर उंच टोपी, मागे गॅलीतली, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरातली, चकचकीत भांडी. एका नाताळात कॅप्टनने स्वतः काढलेला. त्या जागी आता एका बोटीचं चित्र लटकत होतं. माझी बोटही नव्हे, कुठल्या तरी कॅलेंडरवरची प्रवासी बोट, सगळ्या मजल्यांवर दिवे लागलेली. माझा फोटो कुठे गेला म्हणून विचारलं. बायको बांगडे साफ करत होती. तिने मान वर न करता सगळं सांगितलं. भाऊ बोलून गेला, आता मोडायचं कसं, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, आणि तसं बघितलं तर बोटीवर काय, सगळे सारखेच. सगळे सारखेच असतील तर कुकच का नाही सांगितलात, असं मी म्हणालो. तिने बांगड्यांना मीठ लावायला घेतलं.

आमच्या बाजूला बोटीवर जाणाऱ्याला मान आहे. खलाशी असला तरी चालतो, कारण तो दोर ओढतो, गंज खरवडतो, अंगमेहनत करतो. इंजिनवाला असेल तर विचारायलाच नको. पण हा बोटीवर जाऊन भात शिजवतो म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. लग्नाच्या मांडवात आचाऱ्याच्या जेवणावर आडवा हात मारायचा आणि आचाऱ्याला मात्र मांडवामागे चुलाण्यापाशी उभा ठेवायचा, ही आमची जुनी रीत. घरात बायका जन्मभर रांधतात, त्याला कुणी काम म्हणत नाही. मग तेच काम करणाऱ्या पुरुषाची काय पत राहणार? हे मी इतकी वर्षं बघत आलोय. बाहेरच्यांनी केलं तेव्हा मी हसून सोडून दिलं. घरच्यांनी केलं तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली.

माझं काम काय असतं ते एकदा नीट सांगतो. माझ्या बोटींवर कॅप्टन ग्रीक, सेकंड इंजिनियर युक्रेनचा, बाकी फिलिपिन्सचे, ब्रह्मदेशातले, आपले. चहूकडे महिनोन्महिने पाणी. माणूस चिडका होतो, क्षुल्लक गोष्टीवरून हातघाईवर येतो. मी माझ्यापुरती एक पद्धत ठेवली. ज्याचा वाढदिवस, त्याच्या घरचं जेवण. हॉटेलातलं नव्हे, त्याच्या घरी होतं तसं. त्यासाठी त्याला त्याच्या आईला नाहीतर बायकोला फोन लावायला सांगायचो. भाषा कळायची नाही, तो शेजारी उभा राहून सांगायचा आणि मी तिथेच करायला घ्यायचो.

त्या सेकंड इंजिनियरच्या म्हाताऱ्या आईने मला बोर्श शिकवलं. बीट आणि कोबीचं आंबटसर सूप असतं ते. बीट आधी थोड्या शिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर, परतून घे, नाहीतर रंग जाईल, असं तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं. एका फिलिपिनो खलाशाच्या बायकोने अडोबो सांगितला. कोंबडी, सोया सॉस, लसूण, मिरी, तमालपत्र आणि शिरका. शिरका ओतला की उकळी फुटेपर्यंत त्यात डाव घालायचा नाही, नाहीतर कच्चा वास राहतो. तिला हे तिच्या सासूने सांगितलं होतं. कॅप्टनच्या बहिणीने मुसाका शिकवला. वांग्याच्या चकत्या, मधे मटणाचा खिमा, वर दुधाचा दाट पांढरा सॉस, आणि हे सगळं भट्टीत. खिम्यात दालचिनी हवीच. ब्रह्मदेशातल्या एका खलाशाने खाउस्वे करून दाखवलं, नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा आणि त्यात नूडल्स. ते पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला आमच्या वाडीतल्याच कुणाच्या घरी जेवतोय असं वाटलं.

कुणी गळ्यात पडून रडलं वगैरे नाही. सेकंड इंजिनियर बोर्श संपवायचा, बशी पावाने पुसून घ्यायचा आणि म्हणायचा, लसूण कमी. दर वर्षी हेच. पण त्या दिवशी तो इंजिनरूममध्ये कुणावर खेकसायचा नाही. मला तेवढं पुरे होतं.

सुट्टीवर आलो की हे सगळं मी घरी करायचो. पिकतं तिथं विकत नाही. बायको एक घास खाऊन आपल्या बांगड्याच्या तिखल्याकडे वळायची. मुलगी मात्र खायची, आणि खाता खाता विचारायची. हे आधी का, ते नंतर का, दालचिनी नसेल तर काय. बघता बघता तिला सगळं यायला लागलं. शाळेच्या डब्यात ती अडोबो न्यायची आणि मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा बोटीवर जेवण करतात. कॉलेजात गेल्यावर ती डब्यात पोळीभाजी नेऊ लागली. मी ते तिच्या वयावर घातलं आणि विसरून गेलो.

भिंतीवरची ती बोट बघितल्यावर मला ते आठवलं. संध्याकाळी मुलगी बँकेतून आली, तिला मी सरळ विचारलं. ती गडबडली नाही. म्हणाली, "बाबा, फक्त लग्न होईपर्यंत. मग मी स्वतः सांगेन सगळ्यांना." मेहुण्याला मी ओळखून होतो. बायकोला चार लोकांची भीती, ती काही आजची नाही. त्यांच्याकडून मला काही नको होतं. मला एवढंच हवं होतं की माझ्या मुलीने आपल्या तोंडाने म्हणावं, माझे वडील कुक आहेत. ती म्हणेल असं तिने सांगितलं, आणि मी राग गिळला.

तुळशीची लग्नं झाली आणि केळवणं सुरू झाली. आम्हीही जावयाला आणि त्याच्या आईवडिलांना केळवणाला बोलावलं. तेव्हा जावई माझ्या बायकोला फोनवर म्हणाला, कोंबडी-वडे आता सगळीकडे खाऊन झाले, मला वेगवेगळ्या देशांचं जेवायला आवडतं, काकांना तर सगळं ठाऊकच असेल. बायकोने उत्साहाच्या भरात हो म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं की हे सगळं करणारा माणूस घरात आहे खरा, पण तो आता ऑफिसर आहे. तोड अर्थातच मेहुण्याने काढली. जेवण भावोजी करतील, सांगायचं मात्र केटरर बोलावला होता. रत्नागिरीत आता सगळं मिळतं, कोण कशाला शोधायला जातंय.

मी त्याला घरातून हाकलायच्या बेतात होतो. तेवढ्यात मुलगी जवळ येऊन म्हणाली, बाबा, तुम्ही कराल ना. मला वाटलं, जेवण त्यांच्या पोटात गेलं, चव जिभेवर आली, की हिला सांगायला सोपं जाईल. लग्नापर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही. म्हणून मी तयार झालो.

केळवणाच्या दिवशी पहाटेपासून मी स्वयंपाकघरात होतो. ओळखीच्या एका माडीवाल्याकडून आधीच माडी आणून आंबवत ठेवली होती, तिचा झकास शिरका झाला होता. फिलिपिन्समध्येही तोच वापरतात. मुलीने रजा काढली होती. तिने वांग्याच्या चकत्या करून मीठ लावून ठेवल्या, पाणी सुटल्यावर पुसून घेतल्या, तळल्या. मला एक शब्द बोलावा लागला नाही. पांढरा सॉस तिने हलवला, त्यात एक गुठळी नाही. बोटीवर माझ्या हाताखाली काम करून गेलेल्या कित्येकांना ते जमलेलं नाही. ओट्यापाशी आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेत न येता काम करत होतो. त्या दोन-तीन तासांत माझा राग जवळजवळ निवला होता.

मग बायको आत आली आणि म्हणाली, आता तुम्ही आवरा, अंघोळ करा. हातांना लसणाचा वास येतोय म्हणून तिने लिंबाची फोड पुढे केली. ऑफिसरच्या हाताला लसणाचा वास येत नाही म्हणे. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत, भट्टीचे, तेलाचे, वाफेचे. ते दिसू नयेत म्हणून तिने पूर्ण बाह्यांचा शर्ट काढून ठेवला होता. कोकणातल्या उकाड्यात मनगटाशी बटण लावून मी हॉलमध्ये जाऊन बसलो. मेहुण्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, भावोजी, आता कसे शोभताय.

पाहुणे आले. व्याही सरळ माणूस, पांढरा सदरा, मोजकं बोलणं. विहीणबाई बडबड्या आणि प्रेमळ. जावई हसतमुख, तो आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दिशेने वास घेऊ लागला. व्याह्यांनी सहज विचारलं, तुम्ही डेकच्या बाजूला की इंजिनच्या. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, दोन्ही. व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, मधे असतो. हे खोटं नव्हतं, गॅली मधेच असते. पण आपल्याच घरात बसून असली उत्तरं द्यावी लागावीत याची मला शिसारी आली.

मी पाहुण्यांबरोबर टेबलावर बसलो. वाढायला मेहुण्याची बायको आणि माझी मुलगी. आधी बोर्श आलं. विहीणबाईंनी आधी रंगाला हात जोडले, मग हळूच एक चमचा घेतला, आणि मग वाटी संपवली. अडोबोवर व्याही खूश झाले, गुहागरला असं कधी खाल्लं नाही म्हणाले. जावयाने मुसाका दोनदा मागून घेतला. खाउस्वे आलं तेव्हा टेबलावर बोलणंच थांबलं. आणि या सगळ्याला शब्द एकच, केटररचा हात चांगला आहे हो. केटररने मसाला बेताचा ठेवलाय. केटरर कुठला तुमचा. मेहुणा प्रत्येक वेळी मान डोलावून म्हणायचा, आपल्या ओळखीतलाच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग व्याही माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुम्ही तर तिकडचं अस्सल खाल्लं असेल, तुम्हीच सांगा, याला जमलंय का. सगळे माझ्याकडे बघायला लागले. स्वतःच्या जेवणावर परीक्षक म्हणून बसायची पाळी माझ्यावर आली होती. मी म्हणालो, बोर्शमध्ये लसूण थोडी कमी पडली. मेहुणा लगेच म्हणाला, सांगतो हां त्याला. मी पाण्याचा पेला उचलला, नाहीतर तो पेला मी कुठे फेकला असता सांगता येत नाही.

यानंतर विहीणबाईंनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, तुला काय काय येतं गो करायला. मी मुलीकडे बघत होतो. त्या ताटांमधलं निम्मं तिच्या हातचं होतं. मुसाक्यावरचा जो पांढरा थर जावई चमच्याने खरवडून खात होता, तो तिचा. ती खाली बघून म्हणाली, काही विशेष येत नाही, काकू. विहीणबाई म्हणाल्या, असू दे, आम्ही शिकवू हळूहळू, भाताला पाणी किती घालायचं इथपासून. त्या मायेने म्हणाल्या, त्यांचा काही दोष नाही. मला माझ्या मुलीचा राग आला. मला नाकारायचं म्हणून तिने आपल्या हातालाही नाकारलं होतं.

शेवटी व्याह्यांनी विचारलं, या केटररचा नंबर द्या, रिसेप्शनला आपण यालाच सांगू. मेहुणा पहिल्यांदाच अडकला. बायको उगाच पदर सारखा करायला लागली. उत्तर माझ्या मुलीने दिलं, भात वाढता वाढता, अगदी सहज.

"ते आता काम करत नाहीत, काका. वय झालंय त्यांचं. आज आमच्यासाठी म्हणून आले."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"करतो," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात पुन्हा बोटीवर चढणार आहे. मी कुक आहे. ऑफिसर नाही, कधी नव्हतो. हे सगळं आज मी केलंय, आणि अर्धं हिने."

मेहुणा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "भावोजींची सवयच आहे ही, मस्करीची." मी मनगटाचं बटण काढलं, बाही कोपराच्या वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. मग तो हसायचा थांबला. विहीणबाई माझ्या डागांकडे बघत राहिल्या. जावई आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मुलीकडे बघत होता.

मी तयारीत होतो. ते उठून जातील, लग्न मोडलं म्हणतील, खोटं बोललात म्हणून चार शब्द सुनावतील, आणि ते सुनावणं योग्यच असेल. पण व्याह्यांनी ताटातला भात संपवला, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, बरं झालं सांगितलंत. आमचं काही म्हणणं नाही, मुलांनी एकमेकांना पसंत केलंय, माणसं चांगली आहेत, अजून काय बघायचं. मला क्षणभर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मग ते पुढे बोलले.

"फक्त एक. आमच्या भावकीत, पुण्याच्या पाहुण्यांत, ऑफिसर म्हणून सांगून झालंय. तेवढं तसंच राहू दे. कशाला उगाच चर्चा."

बायकोने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, बरोबर आहे तुमचं. मेहुणा म्हणाला, मी तरी दुसरं काय म्हणत होतो. कुणाचा आवाजही चढला नाही. खरं सांगून टाकलं की खोट्याचे पाय मोडतात, असं मी समजत होतो. इथे सगळ्यांनी मिळून त्या खोट्याला नीट खुर्ची दिली.

मी मुलीकडे बघितलं. आता भीती कसली उरली होती? लग्न मोडणार नव्हतं. सासरच्या माणसांना सगळं कळलं होतं. तिने फक्त एक नाही म्हणायचं होतं. माझे वडील आहेत तेच सांगा, एवढंच. ती व्याह्यांच्या शेजारी सोलकढीचं भांडं घेऊन उभी होती.

"चालेल, काका," ती म्हणाली, आणि तिने त्यांची वाटी भरली.

पाहुणे गेल्यावर घरात जे झालं ते सगळं लिहीत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी नको ते बोललो, बायको रडली, मेहुणा चपला घालून निघून गेला. मुलगी रडली नाही. माझ्यासारखीच तापट आहे ती. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही तुमचा राग काढून मोकळे झालात, बाबा. बोटीवर निघून जाल. त्या घरात मला राहायचंय." हे खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही. पण खरं होतं म्हणून माझा राग कमी झाला असंही नाही. मुसाक्याचं भांडं घासायचं राहिलं होतं, ते मी घासायला घेतलं, आणि इतकं घासलं की बायको येऊन म्हणाली, आता पुरे.

लग्न व्यवस्थित झालं. मी कोट घालून मांडवात उभा होतो. व्याह्यांनी एकेका नातेवाइकाला आणून ओळख करून दिली, हे आमचे व्याही, मर्चंट नेव्हीत ऑफिसर. एका गृहस्थाने मला विचारलं, वादळात बोट कशी सांभाळता. मी म्हणालो, धरून राहायचं. मी वादळात उकळत्या पातेल्यांची झाकणं धरून राहिलो आहे, म्हणून तसं म्हणालो. त्या गृहस्थाला ते फार आवडलं. मधेच मला मांडवामागे जाऊन आचाऱ्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले. त्याची डाळ खाली लागली होती, वास येत होता. मेहुण्याने कोपराला धरून मला परत खुर्चीवर आणून बसवलं.

लग्न होईपर्यंत, असं मुलगी म्हणाली होती. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, मी वाट बघितली. मग माझीही बोटीवर चढायची तारीख आली आणि मी गेलो.

आता बोटीवर इंटरनेट बरं चालतं. परवा दुपारची भांडी आवरून मी संध्याकाळची तयारी करत होतो, तर तिचा फोन आला. पुण्याच्या घरात ती ओट्यापाशी उभी होती आणि फोन जवळ धरून कुजबुजत होती. घरी नवऱ्याची आत्या आणि बरीच माणसं जेवायला आली होती, हिने रिसोट्टो करायला घेतला होता. एका इटालियन इलेक्ट्रिशियनच्या आईकडून मी शिकलेला, हिला मी शिकवलेला. त्यात कढत रस्सा थोडा थोडा घालत जायचा असतो. हिने घाईत सगळा एकदम ओतला होता आणि भाताची पेज झाली होती. ते पातेलं बघून माझं टाळकं सरकलं. किती वेळा सांगितलं होतं, म्हणून मी ओरडलो.

"बाबा, हळू," ती म्हणाली. "बाहेर सगळे बसलेत."

गॅलीत हवा खेचणारा पंखा सतत घोंघावत असतो, तिथे हळू बोललेलं ऐकू जात नाही. मी फोन घेऊन धान्याच्या कोठीत गेलो, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला. आच वाढव म्हटलं. झाकण ठेवू नकोस, हलवत राहा, पाणी आटू दे. लोणी आणि चीज अगदी शेवटी, गॅस बंद करून. ती हलवत होती, मी बघत होतो. थोड्या वेळाने भात आळला, दाट झाला, चमच्यावर टिकायला लागला. तिने चव घेतली आणि डोळे मिटले. लहानपणी घ्यायची तशीच.

"छान झालंय," ती म्हणाली. "आत्या मघाशी आत येऊन बघून गेल्या. विचारत होत्या, हे कुठे शिकलीस."

मी विचारलं, मग काय सांगितलंस.

"सांगितलं, बाबांच्या बोटीवर एक कुक आहे, त्याने शिकवलं."

एवढं बोलून ती हसली. तिला ते फार हुशारीचं वाटलं होतं, खोटंही नाही आणि कुणाला कळलंही नाही. मीही हसेन म्हणून ती माझ्याकडे बघत थांबली. मी तांदळाच्या पोत्यांमधे उभा होतो. दार लावलेलं होतं, पंख्याचा आवाज नव्हता, तरी माझा आवाज चढला.

"जा बाहेर आणि सांग त्यांना, तो कुक माझा बाप आहे म्हणून."

तिने झटकन मागे वळून दाराकडे बघितलं आणि फोनवर हात ठेवला.

"हळू ना, बाबा," ती म्हणाली.